साडेसातशे वॅट

पुण्याची नोकरी गेल्यावर माझा धाकटा भाऊ घरी परत आला. त्याच्याजवळ कपड्यांची एक बॅग होती आणि जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं एक ग्राफिक्स कार्ड. डिचोलीच्या स्टँडवर रिक्षात बसताना बॅग त्याने मागे टाकली, टॉवेल मात्र मांडीवर धरून ठेवला. मी त्याला आणायला गेले होते. नोकरीविषयी फोनवर सगळं बोलून झालं होतं. तो एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करत असे आणि कंपनीला आता त्या कामासाठी माणसं नको होती.

घरी बाबा खाटेवर बसून आमची वाट बघत होते. नाकात नळ्या, पायथ्याशी ऑक्सिजनची मशीन. ही मशीन खोलीतल्या हवेतूनच ऑक्सिजन गाळून घेते. विजेवर चालते आणि चालू असेपर्यंत जुन्या फ्रिजसारखी घरघरत राहते. गावातल्या एका मंडळाने ती आम्हाला वापरायला दिली होती. जेवताना, आंघोळीला काढली तर चालेल, एरवी लावूनच ठेवायची, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"ह्यां काय हाडलंस?" बाबांनी टॉवेलाकडे बघून विचारलं.

"कॉम्प्युटरचा भाग आहे, बाबा. गेम खेळायला लागतो. मित्र परदेशी गेला, जाताना देऊन गेला."

"आणि बाकीचो कॉम्प्युटर?"

"तो घ्यायचाय."

"म्हणजे गाडी घेवच्या आधी इंजिन घेतलंस तू," बाबा म्हणाले आणि त्यांना खोकला आला. हसले की त्यांना खोकला येई, म्हणून ते हल्ली हसणं टाळत.

बाबा मूळचे दोडामार्गाकडचे. तरुणपणी खाणीवर कामाला म्हणून शिरगावला आले, आधी क्लीनर, मग लोडर चालवणारे झाले आणि इथलेच होऊन गेले. बोलणं मात्र शेवटपर्यंत मालवणी. मी हायस्कुलात मराठी शिकवते, भाऊ दहाएक वर्षं पुण्याला राहिलेला. त्यामुळे आई गेल्यावर घरात मालवणी बोलणारे बाबा एकटेच उरले होते. खाणी बंद झाल्या, त्यानंतर काही वर्षं त्यांनी कोणाकोणाच्या गाड्या चालवल्या. मग श्वास लागायला लागला. डॉक्टरांनी बिडीचं नाव घेतलं, शेजाऱ्यांनी धुळीचं. बाबांनी दोन्ही ऐकून घेतलं.

भावाने पहिले दोन महिने नोकरीसाठी अर्ज करण्यात घालवले. सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा वाजला की उठायचा, पाव घ्यायचा, चहा करायचा, बाबांना द्यायचा आणि लॅपटॉप उघडून बसायचा. सुरुवातीला मुलाखती झाल्या. पांढरा शर्ट घालून, खाली घरातली चड्डी तशीच ठेवून तो पडद्यासमोर इंग्रजीत बोलत बसे. मग मुलाखती बंद झाल्या. शर्ट इस्त्री करून मी कपाटात लावून ठेवला, तो तिथेच राहिला.

अशाच एका आठवड्यात त्याने म्हापशाला जाऊन कॉम्प्युटरचं बाकीचं सामान आणलं. माणसाला दिवसभर भिंतीकडे बघत बसू देण्यापेक्षा हे बरं, असं मला वाटलं. दोन दिवस आतल्या खोलीत जमिनीवर वर्तमानपत्र पसरून तो एकेक भाग जोडत होता. बाबा खाटेवरून मान वाकडी करून बघत. नळी तेवढी लांब नव्हती, नाहीतर ते आत जाऊन बसले असते.

कॉम्प्युटर सुरू झाला त्या संध्याकाळी भावाच्या आवाजात मला बऱ्याच महिन्यांनी जीव जाणवला. पुण्यातले त्याचे जुने सहकारी ऑफिस सुटल्यावर एकत्र खेळत. चार जणांची टोळी, प्रत्येकाच्या कानाला हेडफोन, खेळता खेळता गप्पा. त्यांनी चौथा म्हणून ह्याला घेतलं. रोज दिवेलागणीच्या सुमारास तो आत जाई, मशीनची घरघर त्या लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून दार लोटून घेई. मग आतून त्याचं हसणं ऐकू यायचं. "अरे मागे बघ, मागे," असं काहीबाही. मी त्या वेळी देवळाजवळच्या एका घरी मुलांच्या शिकवणीला जात असे. निघताना ते हसणं कानावर पडलं की मला पाय उचलायला हलकं वाटे.

आठवड्याभरात भानगड सुरू झाली. खेळ ऐन रंगात आला की कॉम्प्युटर फट्‌दिशी बंद पडायचा. काही इशारा नाही, काही नाही. पडदा काळा, पंखे थांबलेले. पुन्हा चालू करून खेळात शिरेपर्यंत टोळी पुढे गेलेली असे किंवा ह्याच्यामुळे हरलेली. एकदा झालं, दोनदा झालं, मग रोजच व्हायला लागलं. साधं काम करताना, अर्ज भरताना, सिनेमा बघताना काही होत नसे. जड खेळ लावला की झालंच.

भावाने म्हापशाच्या दुकानदाराला फोन केला. तो बाहेरच्या खोलीत, बाबांच्या खाटेजवळच्या खुर्चीवर बसला होता, कारण तिथेच फोनला रेंज यायची. फोन मोठ्या आवाजावर होता. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते.

"आमच्या मालात काही दोष नाही," दुकानदार म्हणाला. "गावातली वीज ती. घरात दुसरा काही मोठा लोड चालू असतो का?"

"बाबांची ऑक्सिजनची मशीन आहे."

"सारखी चालू?"

"हो."

"मग तेच. दुसरं काय असणार?"

"असेल," भाऊ म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

बाबा डोळे मिटून पडले होते. आम्हाला वाटलं, झोपलेत.

त्यानंतरचे तीनेक आठवडे कॉम्प्युटर थोडा कमी बंद पडत होता. भाऊ म्हणाला, त्याने खेळातली चित्रं साधी करून टाकलीत, त्यामुळे ताण कमी येतो. त्याच आठवड्यांत बाबांची तब्येत मात्र उतरत गेली. पाय सुजायला लागले. सकाळी उठल्यावर डोकं दुखतं म्हणायचे. दुपारी पेज घेता घेता त्यांना डुलकी लागायची. मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजला, भुवया चढवल्या आणि विचारलं, "मशीन नीट लावता ना?"

"लावतंय मा," बाबा म्हणाले.

"लावतात," मीही म्हणाले. मी बघत होते त्या प्रत्येक वेळी मशीन चालूच असायची.

एका संध्याकाळी शिकवणीच्या घरी कोणी पाहुणे आले म्हणून मुलांनी सुट्टी मागितली आणि मी गेले तशीच परत फिरले. अंगणात चप्पल काढतानाच घर वेगळं वाटलं. काय वेगळं ते पायरी चढल्यावर कळलं. घरघर ऐकू येत नव्हती. लाईट गेली असेल म्हणावं तर सोप्यावरचा दिवा लागलेला होता आणि आतल्या खोलीतून भावाचा आवाज येत होता.

बाबा भिंतीला टेकून बसले होते. नाकात नळ्या तशाच. मशीन बंद. त्यांचे ओठ जांभळट दिसत होते आणि खांदे प्रत्येक श्वासाला वर उचलले जात होते. मला बघून त्यांनी आधी तोंडावर बोट ठेवलं.

"गप. तो खेळता."

मी धावत जाऊन बटण दाबलं. त्यांनी माझा हात धरायचा प्रयत्न केला, पण हातात जोर नव्हता.

"तेचो बंद पडतलो," ते म्हणाले.

"बाबा, मशीन का बंद केलीत?"

"लोड येता. दुकानदारान सांगल्यान मा. माझी बंद ठेवली की तेचो चलता. दोनदा पडलो, पण पयल्यासारखो नाय."

"किती दिवस चाललंय हे?"

"तू शिकवणीक जातंस तेवढोच वेळ. तू येवच्या आधी लावतंय मी."

बाबांचं गणित त्यांच्यापुरतं चुकलेलं नव्हतं. खाणीवर मोठा पंप सुरू झाला की सगळ्या खोल्यांतले दिवे मंद व्हायचे, ही गोष्ट त्यांनी आम्हाला लहानपणी कितीदा सांगितली होती. एक यंत्र दुसऱ्याच्या तोंडचा घास काढतं हे त्यांनी आयुष्यभर बघितलं होतं. दोघांतलं एक यंत्र थांबवायचं, तर कुठलं, ह्याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

मी आतलं दार उघडलं. भावाने हेडफोन काढले. मी सांगितलं. तो बाहेर आला, मशीनकडे बघितलं, बाबांच्या बोटाला घरातला तसाच चिमटा लावला. आकडा हळूहळू चढत होता. तो आकडा पुरेसा वर येईपर्यंत तो उकिडवा बसून राहिला. आत हेडफोनमधून बारीक आवाज येत होते, ते लोक त्याला हाका मारत होते. त्याने जाऊन कॉम्प्युटरची वायरच भिंतीतून उपटली.

स्वयंपाकघरात तो मला म्हणाला, "मला तेव्हाच ठाऊक होतं."

"काय?"

"की बाबांच्या मशीनचा काही संबंध नाही. ती घेऊन घेऊन कितीशी वीज घेणार? तुझी इस्त्री तिच्याहून जास्त खाते. त्या माणसाशी वाद घालायचा कंटाळा आला म्हणून मी 'असेल' म्हटलं, ताई. एवढंच म्हटलं."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याला तो नको होता हे कळलं, म्हणून काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी तो कॉम्प्युटर सुटा करायला बसला. विकून टाकतो म्हणाला. बाबांनी हाक मारली.

"विकू नको. विकलंस तर तो माझ्यामुळे गेलो असां होतलां."

"बाबा, तुमच्यामुळे काहीच झालेलं नाही. आतला पॉवर सप्लाय हलका आहे. विजेचा डबा असतो तो. भिंतीतली वीज घेऊन आतल्या भागांना वाटून देतो. कॅबिनेटबरोबर फुकट आला होता. त्याला ह्या कार्डाचा भार झेपत नाही, म्हणून तो मान टाकतो."

"मग तो बदल."

"नको आता."

"बदल," बाबा म्हणाले. ते असं ठामपणे क्वचित बोलत. "माझ्या डोळ्यासमोर बदल."

शनिवारी दुपारी शेजारच्या काकींना बाबांजवळ बसवून आम्ही दोघं पणजीला गेलो. भावाने जुना डबा पिशवीत घेतला होता. बसमध्ये तो फोनवर काही वाचत होता, मध्येच मला आकडे सांगत होता. कार्डाला इतके वॅट, प्रोसेसरला इतके, पंखे, डिस्क, बाकीचं किरकोळ. मी हो हो करत होते. त्याला हे सगळं येत होतं. पहिल्या दिवशीही येत असणार. तेव्हा त्याने बघितलं नव्हतं, आणि आता तो एकेक आकडा तीनतीनदा बघत होता.

दुकान एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर होतं. चालवणारे गृहस्थ पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. त्यांनी आधी विचारलं, "कार्ड कुठलं?" भावाने सांगितलं. "प्रोसेसर?" तेही सांगितलं. मग त्यांनी जुना डबा हातात घेतला, चष्मा खाली ओढला आणि बाजूवरची चिठ्ठी वाचली.

"वर मोठ्या अक्षरात पाचशे वॅट लिहिलंय. पण कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही जेवतात बारा व्होल्टच्या लाइनवर. तिच्यापुढे काय लिहिलंय बघा. अठरा अँपिअर. बारा गुणिले अठरा करा."

"दोनशे सोळा," भाऊ म्हणाला.

"तुमचं कार्ड एकटंच त्याहून जास्त मागतं. आणि मागताना सरळ रेषेत मागत नाही. खेळात एकदम काही फुटलं, आग लागली, की क्षणभर दुपटीने ओढतं. हा बिचारा तेवढ्यात बंद होतो. बंद होतो ते बरं. काही डबे बंद न होता जळतात आणि बरोबर बाकीचंही नेतात." त्यांनी मागच्या वायरी उलटसुलट केल्या. "कार्डाला जोड कसा दिला होता?"

"दुसऱ्या वायरींना तुकडा लावून."

त्यांनी डबा बाजूला ठेवून दिला.

"घरातल्या दुसऱ्या कुठल्या यंत्रामुळे असं होऊ शकतं का?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं, तरी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"दुसरं यंत्र काय आहे?"

"ऑक्सिजनची मशीन."

त्यांनी माझ्याकडे, मग भावाकडे बघितलं. "नाही हो," ते म्हणाले. "त्याचं ह्याचं काही नाही. घरची वीज अगदीच पडत असती तर दिवे मंद झाले असते, फ्रिज कुरकुरला असता. तसं होतं का?"

"नाही."

मग त्यांनी दोन-तीन खोकी काउंटरवर मांडली. साडेसहाशे, साडेसातशे आणि एक हजाराचा. भावाने हजाराच्या खोक्यावर हात ठेवला.

"पुरेसा किती?" मी विचारलं.

"साडेसहाशे चांगल्या कंपनीचा असला तर पुरतो. पण कार्डाचे ते झटके आहेत, आणि डबा जुना होईल तशी त्याची ताकद थोडी उतरेल, म्हणून मी साडेसातशे सांगेन. हजाराची तुम्हाला गरज नाही."

"हजाराचा घेतला तर बंद पडणारच नाही ना?" भाऊ म्हणाला.

"साडेसातशेचाही पडणार नाही."

"नक्की?"

"नक्की."

त्याने आणखी बरंच विचारलं. आत उष्णता किती होईल, पंख्याचा आवाज किती, लाईट गेली आणि एकदम आली तर काय, गावाकडे व्होल्टेज खाली-वर होतं तेव्हा काय. डॉक्टरांना माणसं विचारतात तसं तो विचारत होता, आणि ते गृहस्थही न कंटाळता उत्तरं देत होते. शेवटी आम्ही साडेसातशेचा घेतला. खोकं बरंच जड होतं. परतीच्या बसमध्ये भावाने ते मांडीवर ठेवलं आणि डिचोलीपर्यंत तो खिडकीबाहेर बघत राहिला.

बाबांनी सांगितल्याप्रमाणे त्याने तो त्यांच्यासमोर बदलला. कॉम्प्युटर बाहेर आणून खाटेजवळ जमिनीवर ठेवला, जुन्या वायरी काढल्या, नव्या जाडजूड वायरी एकेक करून बसवल्या. बाबा बघत होते. रिकामं खोकं त्यांनी मागून घेतलं आणि फिरवून फिरवून वाचलं. चालू केल्यावर भावाने सगळ्यांत जड खेळ लावला आणि तासभर तसाच चालू ठेवला. बाबांची मशीन घरघरत होती, कॉम्प्युटरचा पंखा फिरत होता, दोघांनाही काही झालं नाही. मी चहा केला. वाटलं, एक गोष्ट तरी मिटली.

पुण्याच्या टोळीला त्याने त्याच रात्री कळवलं. त्यांनी लिहिलं, वा, छान. पण मधल्या काळात त्यांनी दुसऱ्या एकाला घेतलं होतं. चौघांचाच खेळ. कोणी नसलं की बोलावू, म्हणाले. पुढे त्यांनी एक-दोनदा बोलावलंही. मग नाही.

तरी भाऊ संध्याकाळी आत जाऊन बसत राहिला. एकट्याने खेळायचे खेळही असतात. दार लोटून घ्यायची आता गरज नव्हती, पण सवयीने लोटायचा.

आणि एके दिवशी मी परत आले तर मशीन पुन्हा बंद.

मला ह्या खेपेला राग आला. मी मशीन लावली आणि भावाला बाहेर बोलावलं. तो दारात उभा राहिला. बाबा भिंतीकडे बघत होते.

"बाबा, आपण बघितलं ना? दोन्ही एकत्र चालतात," मी म्हणाले.

"साडेसातशे लिवलेलां आसा खोक्यार," बाबा म्हणाले. "पयलो पाचशेचो होतो. म्हणजे लोड वाढलो मा?"

भाऊ खाटेवर त्यांच्या पायांशी बसला. मला वाटलं तो चिडेल. तो शांतपणे म्हणाला, "बाबा, तुम्ही शेवटी चालवलात तो लोडर पहिल्यापेक्षा मोठा होता ना?"

"डबल."

"त्याने अर्धी बकेट भरून उचलली तर डिझेल किती खायचा?"

"अर्ध्याचां. थोडां वर."

"पूर्ण ताकद कधी लावायचा?"

"वल्या मालात. चढाक."

"हा डबा तसाच. साडेसातशे ही त्याची ताकद. घेतो तेवढंच, जेवढं आत लागतं. पहिला लहान लोडर होता, मोठा ढीग उचलायला गेला आणि बंद पडला. हा पडत नाही. आणि घराकडून जास्तही मागत नाही."

बाबा विचार करत राहिले. मग त्यांनी मान हलवली. "कळलां माका," ते म्हणाले. "आधीच असां सांगूक होयां होतां."

"आता नाही ना बंद करणार?"

बाबा श्वास गोळा करत होते. त्यांना सलग बोलायला श्वास पुरत नसे, तुकड्या-तुकड्याने बोलावं लागे.

"खरां सांगू? ही बंद असली की घर आयकाक येता. हिच्या घरघरीत काय कळत नाय. चिमणी नाय, रस्त्यावरची गाडी नाय. तू आत कोणाकडे तरी बोलतंस, हसतंस. ता आयकत बसतंय मी." मग म्हणाले, "आता पयल्यासारखो हसत नाय तू."

भावाने त्यांच्या पायांवरची चादर नीट केली. पायांना सूज होती, त्यावर बोटाचा ठसा उमटला तो तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने कॉम्प्युटर, मेज, सगळं बाहेरच्या खोलीत आणलं आणि बाबांच्या खाटेला लागून मांडलं. हेडफोन काढून टाकले, साधे स्पीकर लावले. मोठाल्या मालवाहू गाड्या चालवायचा एक खेळ त्याने शोधला आणि संध्याकाळी तो लावून बसू लागला. बाबा उशीला टेकून बघत. परदेशातले लांबलचक रस्ते, बर्फ, बोगदे.

"गिअर उतरय. उतार आसा."

"आपोआप पडतो, बाबा."

"मग तू काय करतंस?"

मशीन चालू असायची. बाबा मोठ्याने बोलू शकत नसत, म्हणून भाऊ खुर्ची मागे सरकवून कान त्यांच्याजवळ नेई. मी शिकवणी सोडली आणि त्या वेळी त्यांच्याजवळ बसून पेपर तपासायला लागले. ते दिवस चांगले होते असं मी म्हणणार नाही. बाबांच्या जेवणातलं शीत कमी कमी होत चाललं होतं, रात्री त्यांना आडवं होता येत नव्हतं. पण त्या दोन-अडीच महिन्यांत ते दोघं जेवढं बोलले तेवढं आधीच्या वीस वर्षांत बोलले नसतील. भाऊ हसायला मात्र लागला नाही. एक-दोनदा बाबांना बरं वाटावं म्हणून हसला, ते त्यांनाही कळलं असावं.

पाऊस सरत आला तेव्हा बाबांना ताप भरला. मशीन पुरेना. आम्ही त्यांना बांबोळीच्या इस्पितळात नेलं. तिथे तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. चतुर्थी तोंडावर आली होती. सुतक असल्यामुळे आम्ही गणपती आणला नाही, त्याच्यावरची फळाफुलांची माटोळी बांधली नाही. आजूबाजूच्या घरांतून आरत्या ऐकू येत होत्या आणि आम्ही दोघं संध्याकाळी दिवा लावून जेवून घेत होतो.

इस्पितळातून निघण्याआधी भावाने तिथल्या डॉक्टरबाईंना गाठलं होतं. तरुण होत्या, रात्रपाळी संपवून निघालेल्या. त्याने त्यांना सगळं सांगितलं, म्हणजे बाबा मशीन बंद ठेवायचे ते.

"रोज दोनेक तास," तो म्हणाला. "काही आठवडे. त्यामुळे हे झालं का?"

"फुप्फुसं आधीच खूप खराब झाली होती," त्या म्हणाल्या. "त्यात ताप. एका गोष्टीवर असं बोट ठेवता येत नाही."

"म्हणजे त्यामुळे नाही?"

"नाही असंही मी सांगू शकत नाही. फरक पडला असेल थोडा. किती, ते कोणालाच सांगता येणार नाही."

त्या खरं बोलल्या, ह्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. भाऊ आभारी आहे की नाही, मला ठाऊक नाही. त्याने पुन्हा तो विषय काढला नाही. मीही काढला नाही. आमच्यात जे काही बोलायचं राहिलंय ते एवढंच आहे, आणि ते बोलून काही होणार नाही हे दोघांनाही कळतं.

बारावं झाल्यावर ऑक्सिजनची मशीन आम्ही पुसून, नळ्या बदलून मंडळाला परत दिली. ती लगेच दुसऱ्या कोणाकडे गेली असं कळलं. खाट भावाने आतल्या खोलीत नेली. कॉम्प्युटर बाहेरच राहिला. त्याने तो महिनाभर चालू केला नाही.

मग पेडण्याला एका मोठ्या हॉटेलात त्याला काम मिळालं. तिथले कॉम्प्युटर, फोन, कॅमेरे सांभाळायचे. पुण्यात तो करायचा ते काम नव्हे, पण काम. पेडण्यातच एक खोली घेतली, कारण पाळ्या वेड्यावाकड्या असतात. सामान न्यायला तो एका सहकाऱ्याची गाडी घेऊन आला. कपडे, भांडी, चादरी भरून झाल्या. कॉम्प्युटरकडे बघून तो थांबला.

"नेऊ का, की तुला ठेवू? प्रश्नपत्रिका वगैरे काढायला."

"मला शाळेत आहे. घेऊन जा."

त्याने तो दोन उशांच्या मध्ये मागच्या सीटवर ठेवला आणि पट्टा लावला.

आता तो पंधरा दिवसांनी एकदा येतो. मी माशांचं हुमण करते, तो येताना तेरेखोलच्या बाजूचे मासे आणतो कधीकधी. जेवून झालं की झोपतो, संध्याकाळच्या बसने जातो. मागच्या खेपेला मी विचारलं, खेळतोस का रे अजून. म्हणाला, कधीतरी, सुट्टी असली की. मी विचारलं, कोणाबरोबर. एकटाच, म्हणाला. पुण्याच्या लोकांनी अलीकडे पुन्हा बोलावलं होतं, पण त्याने नाही सांगितलं. का, ते मी विचारलं नाही. बस यायची वेळ झाली होती. मी त्याला डब्यात थोडं हुमण आणि भात बांधून दिला, तो पिशवीत नीट उभा ठेवायला सांगितला, आणि तो रस्त्याच्या वळणावर दिसेनासा झाल्यावर मी आत येऊन भांडी घासायला घेतली.